शोकेसमधली पापणी

"या माणसाला बिघडलेलं काही दाखवू नकोस. तो ते फोटोत नीट करून देतो आणि वर म्हणतो, झालं बरं."

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी मला आपल्या नवऱ्याबद्दल हे बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. बजावताना त्याही हसतच होत्या.

मोठ्या दिरांचा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर आम्ही सगळे. कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ताई, म्हणजे जाऊबाई, गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून हनुवटी वर, खांदे सैल करायला लावायच्या आणि छापलेले फोटो कटरवर कापायच्या. बाळ झाल्यावर मी नोकरी सोडली आणि फोटो कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दिरांचा हात सफाईदार, हे मान्य करायलाच हवं. सुरकुत्या, चामखीळ, पिवळे दात, माऊस फिरवला की गायब. माझ्या बाळाच्या कपाळावरची जन्मखूण त्यांनी पहिल्याच फोटोत पुसली. ती त्याची खूण आहे, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "आता नाही."

रोज दुकान उघडलं की दिवे नीट लागलेत का बघायला ते ताईंना स्टुलावर बसवायचे आणि एक फोटो घ्यायचे. त्यात ते फक्त उजेड बघायचे. ते फोटो मी उतरवून ठेवायचे, पण ते नंतर कुणी उघडत नसे.

मी झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून बघणारी बाई. घरात मला चौकीदार म्हणतात. त्यामुळे ताईंची डावी पापणी उतरायला लागलेली मलाच आधी दिसली. नंतर त्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसायला लागली. डोळ्यामागे ठणकतं, असं ताई म्हणायच्या आणि भुवई उंचावून पापणी वर ओढायच्या. डॉक्टरांना दाखवा म्हणून मी दिरांच्या मागे लागले. ते म्हणाले, चौकीदाराला रोज नवा चोर दिसतो, तुझ्या ताईला फक्त झोप हवी आहे. त्याच सुमारास त्यांनी शोकेससाठी ताईंचा मोठा फोटो केला. उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डाव्या जागी बसवला. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, झाले मी बरी."

पुढच्या आठवड्यात कटरवर उभ्या असतानाच त्यांनी मान धरली. "कुणीतरी घण घातला गं डोक्यात," एवढंच बोलल्या. मग उलटी झाली आणि त्या खाली कोसळल्या. पुन्हा डोळे उघडले नाहीत.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून समजावलं. रक्तवाहिनीला जिथे फाटा फुटतो, तिथे भिंतीवर रक्ताचा मारा जास्त. भिंत मुळात कच्ची असेल तर तिथे फुगवटा येतो, सायकलच्या ट्यूबला येतो तसा. रक्तदाब आणि सिगारेट त्याला खतपाणी घालतात. बरेच फुगे जन्मभर तसेच राहतात, माणसाला पत्ताही लागत नाही. पण एखादा वाढतो, त्याची भिंत पातळ होत जाते, आणि शेजारून डोळ्याची नस जात असेल तर तिच्यावर दाब येतो. मग पापणी पडते, बाहुली मोठी होते. ती शेवटची घंटा. त्या वेळी आणलं असतं तर बहुधा फुगा बंद करता आला असता.

"पापणी कधीपासून पडली होती?" मी पापणीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दिरांनी मोबाईलवर शोकेसचा फोटो दाखवला. हा महिन्याभरातला, डोळे बघा, दोन्ही सारखे. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकालाही तोच दाखवून सांगू लागले, तिनेच कधी सांगितलं नाही. मेलेल्या बाईच्या माथी मारून मोकळे. तेव्हाच मी ठरवलं.

आणखी एक गोष्ट होती. ताईंची आईही अशीच, केस विंचरता विंचरता गेली होती. हे ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलीचं स्कॅन करून घ्या, डोकं उघडावं लागत नाही. मुलगी म्हणजे माझी पुतणी, कॉलेजात शिकणारी. दिरांनी उडवून लावलं. "माझ्या मुलीला काही झालेलं नाही. तिचे फोटो बघा."

दुकान पुन्हा उघडायच्या दिवशी मी त्यांच्या आधी खाली उतरले. शोकेसमधली नटलेली जोडपी आणि ताईंचा तो मोठा फोटो काढला आणि उजेड बघायला घेतलेले ताईंचे फोटो मोठे छापून ओळीने लावले. पहिल्यात डोळा सताड उघडा, शेवटच्यात जेमतेम फट. शोकेसला कुलूप घातलं. दीर आले तेव्हा समोरचा औषधवाला आणि आणखी चारजण काचेशी उभे होते. दिरांनी कुलूप ओढून पाहिलं, मग मला हळू आवाजात म्हणाले, "काढ ते."

"नीट करून देऊ का, भाऊजी?" मी विचारलं.

ते आत जाऊन ताईंच्या स्टुलावर बसले. खोटं कशाला बोलू, माझ्या काळजात थंडावा पसरला. अजूनही तो गेलेला नाही.

गर्दी बघून पुतणी खाली आली. एकेका फोटोसमोर थांबली. "हे कुणीच पाहिलं नाही, काकू?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी पाहिलं, तुझ्या बाबांना सांगितलंही. ती बापाकडे बघत राहिली. मग वर गेली, बॅग भरली आणि कॉलेजच्या गावी निघून गेली. जाताना डावी भुवई चोळत होती. रडल्यामुळे असेल.

आता ती बापाचा फोन घेत नाही, माझाही घेत नाही. दोनदा तिच्या खोलीवर गेले, दार उघडलं नाही. मोबाईलवरचा तिचा फोटो मी मोठा करून करून बघते. दोन्ही डोळे अगदी सारखे आहेत. पण ती त्याच बापाची लेक, तोच माऊस तिलाही चालवता येतो.

शोकेसची किल्ली मी दिलेली नाही, देणारही नाही. पण तुमच्या कॉलेजात, तुमच्या जिन्यावर एखादी उंच, अबोल, गळ्यात कॅमेरा अडकवलेली मुलगी दिसली, तर तिला जरा उजेडात थांबवा. पापण्या बघा, बाहुल्या बघा. स्कॅन केलंस का, विचारा. हो म्हणाली तरी पुन्हा विचारा. आणि मला कळवताना तिचा फोटो पाठवू नका. तुम्ही स्वतः काय पाहिलंत, ते सांगा.