बिनआवाजाचं अक्षर

योगेश्वरीने आरसा तोंडाजवळ धरला, जीभ वरच्या दातांमागे टेकवली आणि 'र' आणि 'झ' एकाच श्वासात सोडले. आरशावर वाफ धरली. ओढणीच्या टोकाने ती पुसून तिने पुन्हा तोंड उघडलं.

अंगणात तांदूळ पाखडत बसलेल्या सुंदरबाईंनी मान वर केली.

"काई अडकलं का गळ्यात?"

"अक्षर हाये, माय."

"कोनाचं?"

"वेल्झिनचं."

"हे वेल्झिन कोन्या गावची?"

वेल्झिन कुठल्याच गावची नव्हती. योगेश्वरीने ती भाषा स्वतः रचली होती. नागझिऱ्याजवळच्या एका हॉटेलात ती नोकरीला असताना पक्षी पाहायला आलेलं एक पोलिश जोडपं जेवता जेवता भांडत होतं. शब्द एकही कळला नाही, पण त्यांची व्यंजनं स्वरांची वाट न पाहता एकमेकांना खेटून उभी राहत होती. ते ऐकता ऐकता ती डाळ वाढायची विसरली. मग मोबाइलवर पोलिश झाली, चेक झाली, बल्गेरियन झाली. त्याच कुळात शोभेल अशी आपलीही एक भाषा असावी असं तिला वाटू लागलं आणि तिने ती बांधायला घेतली. असा नाद असलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक गट होता. त्यांचा नियम असा, की नव्या भाषेची अक्षरं दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून वदवून पाठवायची. दुसऱ्याच्या तोंडात बसली, तरच ती भाषा.

सुंदरबाईंच्या तोंडात ती बसत नव्हती. पाखडता पाखडता त्यांनी चार अक्षरं म्हणून दिली, ती चारही त्यांच्या पोवारी बोलीची होऊन बाहेर आली.

"तीन-तीन श कायले लागतात तुले?" त्या म्हणाल्या. "आमाले एकच जड जाते."

ओसरीत योगेश्वरीचे वडील, गुलाबचंद, दोर वळत बसले होते. हात चालू होते आणि कान अंगणात होते.

उन्हाळ्यात नागपूरला त्यांच्या जिभेचा डावा भाग काढला होता. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याने धरलेली गाठ. गाठ गेली, पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या, पण घरी परतल्यापासून ते बोलले नव्हते. उच्चार शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सरावासाठी अक्षरांचं कार्ड दिलं होतं आणि योगेश्वरीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत त्यांना बोलतं करा. जीभ अशीच पडून राहिली तर आखडेल, मग माझ्याही हातात फार काही राहणार नाही." गुलाबचंदांनी पहिल्याच दिवशी 'ल' म्हणून पाहिला, बाहेर आलं ते ऐकलं, आणि कार्ड दुमडून डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली सरकवलं. तेव्हापासून खाट हलत नव्हती. योगेश्वरीने नोकरी सोडली होती ती त्यांच्यासाठीच.

दुपारी शालीकराम आले. दिवाळीनंतर गावात जी जत्रा भरते, त्या मंडईच्या कमिटीत ते होते. दवनीवाड्याच्या मंडईत भोंग्यावरचा आवाज वर्षानुवर्षं गुलाबचंदांचा. दंडारीचं नाटक कधी उभं राहणार, हरवलेलं पोर कोणत्या दुकानाशी रडत बसलंय, हे गाव त्यांच्याच तोंडून ऐकत आलं होतं.

"मंग भाऊ, यंदा बसता नं भोंग्यावर?"

गुलाबचंदांनी हनुवटी वर उचलली, मिटल्या ओठांनीच 'हं' केलं आणि हाताने 'थांब' अशी खूण केली. तोंडात खर्रा भरलेला माणूस करतो, अगदी तसं. इथे निम्मं गाव असंच बोलतं, त्याचा कुणी दुसरा अर्थ लावत नाही. शालीकरामांनीही लावला नाही.

"अजून खर्रा?" ते भडकले. "अर्धी जीभ कापून बी अक्कल नाई आली तुमाले? त्या लेकीनं नोकरी सोडली ना तुमच्यापाई."

सुंदरबाईंच्या हातातलं सूप थांबलं. घरात खर्ऱ्याची पुडी कित्येक महिन्यांत आली नव्हती. त्या बोलणार तोच गुलाबचंदांनी त्यांच्याकडे पाहिलं. सूप पुन्हा हलू लागलं.

"दिवाळीपर्यंत वाट पाह्यतो," शालीकराम उठत म्हणाले. "मंग दुसरा पाहीन."

ते गेल्यावरही हनुवटी बराच वेळ तशीच वर होती.

संध्याकाळी योगेश्वरीने गोठ्याच्या दारावर खडूने सगळी वर्णमाला काढली. म्हशीला तणस टाकायला निघालेले गुलाबचंद दारापुढे उभे राहिले. एकेका अक्षरावरून नजर फिरवत त्यांनी शेवटून दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या.

"त्याले आवाज नाई, बाबूजी."

बोट हललं नाही.

"सोता बोलत नाई ते. पन ज्याच्या मागं उभं राह्यते, ते अक्षर जड होते. रशियावाल्यांकडं बी हाये असं एक. जुन्या लोकाईनं ठेवलेलं."

गुलाबचंदांनी मान डोलावली. मग त्याच्या शेजारच्या अक्षराकडे बोट नेलं. तिने ते म्हणून दाखवलं. मग पुढचं. अंधार पडेपर्यंत ती अक्षरं म्हणत राहिली आणि ते बोट ठेवत राहिले.

सकाळी गोठ्यातून आवाज आला. म्हशीचा नव्हता. योगेश्वरी दारामागे थबकली. गुलाबचंद म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिच्या कानाशी एक अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते 'र-झ'चं होतं. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटत होती, तिच्यात थोडी थरथर, थोडी शीळ.

"बाबूजी," ती हरखून आत शिरली. "जमून राह्यलं की. फक्त जीभ जराशी वर टेकवा, दातामागं."

आवाज थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घमेलं उचललं आणि ते बाहेर निघून गेले.

टेकवायला तेवढी जीभ उरलीच नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती म्हशीजवळ एकटी उभी होती.

त्या दिवशी ते दारासमोर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तणस टाकायलाही मागच्या बाजूने गेले. सुंदरबाईंनी विचारलं, "काऊन? का झालं दोघाईचं?" योगेश्वरी भांडी घेऊन मोरीकडे गेली.

पण तो आवाज तिच्या कानातून जात नव्हता. भांडी घासताना, आंघोळीला पाणी तापवताना ती तो शोधत राहिली. आरसा घेऊन बसली. ओठांचा कोपरा वाकवला, हवा डावीकडे ढकलली. आली ती साधी फुंकर. ऐकलेल्या सगळ्या भाषा तिने मनात पालथ्या घातल्या. पोलिशमध्ये हा आवाज नव्हता, चेकमध्ये नव्हता. तिच्या वर्णमालेतही नव्हता. मग, वेल्झिन बोलणारा दुसरा माणूस जगात नसताना, बाबूजींचा उच्चार चुकीचा ठरवणारी आपण कोण?

तिने गोठ्याच्या दारावरचं जुनं अक्षर पुसलं, त्या जागी नवं काढलं, आणि ती म्हशीचं दूध काढत असलेल्या गुलाबचंदांपुढे जाऊन उभी राहिली.

"परवाचा तुमचा आवाज मले पाहिजे. भाषेत घ्यायचा हाये."

त्यांनी नजर वर केली. ही दया तर नाही ना, असं त्या नजरेत स्पष्ट दिसत होतं.

"मले येऊन नाई राह्यला तो," ती म्हणाली. "पाहा."

तिने ओठ वाकवून जोर लावला. थुंकी उडून म्हशीच्या मांडीवर पडली. म्हशीने शेपटी हाणली. गुलाबचंदांच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. त्यांनी बादली बाजूला ठेवली आणि आवाज काढला. थरथर, शीळ, बारीक धार.

तिने काढला. फुंकर.

त्यांनी पुन्हा काढला, सावकाश. तिने पुन्हा फुंकर मारली. त्यांनी कपाळावर हात मारला, मग पुढे सरकून तिची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्या गालात रोवला.

"अशी नाई," ते म्हणाले. "डावीकून."

शब्द वाकडे आले होते. 'ड' हवेत विरघळला होता. पण कळत होते. दाराशी दुधाचा गंज घेऊन आलेल्या सुंदरबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. योगेश्वरीने वर पाहिलं नाही.

तिने डोळे मिटून हवा डावीकडे वळवली. या वेळी ती गालाला घासत गेली, दातांशी थरथरली, आणि बाहेर पडायच्या बेतात असताना तिला कळलं की आता जमलं आहे. तिने ती तिथेच गिळली आणि पुन्हा नुसती फुंकर मारली.

"आता बरोबर का?"

गुलाबचंदांनी सुस्कारा सोडला.

"नाई," ते म्हणाले, आणि बसायचा पाट ओढून तिच्यासमोर नीट बसले.