तीन चुकलेले पाव

साखरेचे दोन उंच सुळके घेऊन तामू माझ्या बैठकीत शिरली, तेव्हाच मी ओळखले की ती माझ्या नातीला, शामाला, मागणी घालणार. सोबत तिचा मुलगा जुहैर होता. शामा चहा ओतत होती. त्या पोरक्या मुलीच्या लग्नात शेवटचा शब्द माझा, हे साऱ्या सेफ्रू गावाला ठाऊक होते.

"लल्ला झहूर, हे वरूनच जुळलंय!" तामू मला मानाने हाक मारत म्हणाली. "तुमचा जन्म एक जानेवारीचा, नि माझ्या सासऱ्यांचाही!"

"अगं, आमच्या वयाचं अर्धं गाव एक जानेवारीलाच जन्मलंय. तारीख ठाऊक नसली की कारकून तीच लिहायचा. आई म्हणायची, मी चेरी पिकताना झाले. जानेवारीत चेरी पिकवायला तुझा सासरा काय औलिया होता?"

शामाला हसू फुटले. तिने ते पदरामागे दडवले.

"ते सोडा. पण पाव? गल्लीतल्या भट्टीवरून तुमचा पाव तीनदा आमच्या फळीवर आला. जुहैर परत द्यायला आला, तर तिन्ही वेळा दार शामानंच उघडलं! नशीब म्हणतात ते हेच."

प्रत्येक घर कच्च्या पावावर आपला ठसा उमटवून, तो आपल्या फळीवर मांडूनच भट्टीवर भाजायला पाठवते; पाव सहसा चुकत नाही. मी पेला खाली ठेवला.

"गल्लीत चाळीस घरं आहेत, तामू. पाव एकदा चुकला तर चूक. दुसऱ्यांदाही तुझ्याच घरी आला तर गंमत. तिसऱ्यांदा आला, म्हणजे त्याला पाय फुटलेत. जुहैर, नशिबानं आणलेला जावई मला नको. नशीब उद्या पलीकडच्या गल्लीतही पाव टाकेल. खरं बोल."

तामूने त्याला कोपराने ढोसले. तो तरीही बोलला.

"भट्टीवर मीच बदलायचो, लल्ला. आमचा पाव तुमच्या फळीवर ठेवायचो, तुम्हाला कमी पडू नये म्हणून."

"तीनदाच?"

"नाही... नऊदा. सहादा आतून तुमच्या काठीचा आवाज आला. मी पाव घेऊन पळालो."

"बघ तामू! दार उघडलं ते तीन तू मोजलेस, पळाला ते सहा कुणी मोजलेच नाहीत."

म्हणजे नऊ वेळा मी तामूच्या हातचा पाव खाल्ला होता. तरीच मीठ कमी लागे! पण भट्टीवरून फळी आणून पाव उतरवणारी शामाच. परका ठसा तिला एकदाही दिसला नाही? मी तिच्याकडे पाहिले. ती रिकाम्या पेल्यात मोठ्या निष्ठेने पुदिना ढवळत होती.

"शामा, साखर आत ठेव," मी म्हणाले. "आणि लग्न होईपर्यंत भट्टीवर मी जाणार. गुडघे गेले खड्ड्यात."