आतल्या चाकाची हाक

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. घर म्हणावं तर मला चाकं आहेत, आणि गाडी म्हणावं तर माझ्या पोटात चूल, पलंग, फ्रीज सगळं आहे. जन्माने मी बस. रोसारियो शहरात माणसं वाहून वाहून थकले, तेव्हा माझेच चालक इलारियो यांनी मला भंगारातून वाचवलं. बाकं उपटली, सुतारकाम स्वतः केलं. निवृत्त झाल्यावर पत्नी नेलिदाबाईंना घेऊन ते माझ्यातूनच दूर दक्षिणेकडच्या पातागोनियाच्या मुलखात हिंडू लागले. माझं नशीबच उजळलं.

त्यांच्या मुलीने, रोमिनाने, मला दोन दागिने घातले. छपरावर सोलर पॅनल आणि चाकांमधली हवा सांगणारं एक छोटं यंत्र. पॅनलवर इलारियो बेहद्द खूश. जनरेटरची धडधड गेली, नेलिदाबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये गार राहू लागलं. रोज शिडी लावून ते पॅनलवरची धूळ पुसत. यंत्राशी मात्र त्यांचा उभा दावा. जन्मभर लाकडी दांडक्याने टायर ठोकून, आवाजावरून हवा ओळखलेला माणूस तो. "हे टीचभर डबडं मला शिकवणार?" म्हणायचे.

खडीचा रस्ता लागला की तिकडचे चालक टायरमधली थोडी हवा सोडतात, म्हणजे हादरे कमी बसतात. एकदा अशी हवा सोडताच यंत्र बोंबलू लागलं. इलारियोंनी वैतागून त्याची वायरच उपटली. पुढे डांबरी रस्ता आल्यावर हवा भरली, दांडक्याने टायर ठोकले आणि निघाले. नेलिदाबाईंनी गुपचूप वायर परत जोडली. यंत्र पुन्हा ओरडलं.

ते खरंच बोलत होतं. खडीने माझ्या मागच्या जोडचाकांपैकी आतलं चाक कापलं होतं, भरलेली हवा गळत होती. दांडकं पोचतं फक्त बाहेरच्या चाकापर्यंत. आतलं बसलं की सगळा भार बाहेरच्यावर येतो, ते तापतं आणि फुटतं. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कशी?

"म्हाताऱ्या, मागचं डावं म्हणतंय हे."

"आत्ताच ठोकलं ना मी? ठणठणीत आहे!"

"मग आतलं असेल."

"डबड्याचं ऐकतेस, नवऱ्याचं नाही!"

"डबडं निदान कामाचं बोलतं. तू नुसता गुरगुरतोस. थांबव गाडी."

गाडी थांबली. नेलिदाबाई येर्बाच्या कडू चहाचा थर्मास घेऊन उतरल्या आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. "पुढे घाट आहे. तू आत हात घालून बघेपर्यंत मी गाडीत चढत नाही."

इलारियो बडबडत माझ्याखाली सरपटले. आतला टायर पार बसला होता, बाहेरच्याला हात लावताच चटका बसला. उतारावर तो फुटला असता, तर आम्ही तिघं थेट दरीत गेलो असतो.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ते नेलिदाबाईंशेजारी बसले.

"नेलिदा," ते म्हणाले, "दांडक्याचा आवाज मला येतच नाही गं आता. नुसतं ठोकतो. रोमिनाला कळलं तर गाडी विकायला लावेल."

नेलिदाबाईंनी चहा त्यांच्या हातात दिला. "मला माहीत आहे. ते यंत्र मीच मागवलं तिच्याकडून. तिला म्हटलं, मलाच प्रवासाची भीती वाटते."

इलारियो खाली मान घालून चहा पीत राहिले. मग उठून त्यांनी जॅक लावला.

मित्रांनो, गाडीच्या चाकांची हवा बघत जा, छपरावरची धूळ पुसत जा, हे तर मी सांगेनच. पण घरातलं म्हातारं माणूस एखाद्या यंत्रावर उगाच डाफरू लागलं, तर त्याला हसू नका. शेजारी बसा. आपल्याला काय जमेनासं झालंय, ते त्याने आपणहून सांगेपर्यंत थांबा. नेलिदाबाई थांबल्या होत्या.