मैफलीत न उघडलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत राहते. माझ्याविषयी चाळीत बरीच वर्षं एक मोठी गोष्ट सांगितली जायची. पाहुणे आले की त्यांना माझ्यापुढे आणून उभं करायचे. ती गोष्ट सुरू झाली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण ती खोटी होती. आज मी तुम्हाला खरी गोष्ट सांगते. तिच्यात मिरवण्यासारखं फारसं काही नाही.

माझा जन्म परळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. सागवानी अंग, कातड्याने मढवलेला भाता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. कारागिराने माझा एकेक सूर कानाशी धरून घासला आणि जुळवला. मग एके दिवशी शरच्चंद्र नावाचा एक तरुण मास्तर मला घ्यायला आला. तो पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. मला मांडीवर घेऊन तो बसने गिरगावात उतरला, तेव्हा दारात उभी असलेली त्याची बायको शांता म्हणाली, "अहो, आधी कपाट आणणार होतात ना?"

"कपाट गात नाही," सर म्हणाले.

शांताबाई हसल्या आणि त्यांनी मला हळदकुंकू लावलं.

ती वर्षं फार सुखाची होती. सर पहाटे उठून गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायचे. तेलाचे डबे, रंगाचे डबे, फुटकी बादली, जे मिळेल त्यात त्यांनी झाडं लावली होती. अबोली होती, ओवा होता, गवती चहा होता, आणि एका मोठ्या डब्यात सोनटक्का. पाणी घालून झालं की हात जेमतेम पुसून ते माझ्यापुढे बसायचे. माझ्या पट्ट्यांच्या फटीत माती जायची. दुपारी शाळेतून आल्यावर ते एखादं पान खुडून कागदावर उतरवायचे, आणि मग त्याच रंगलेल्या बोटांनी मला वाजवायचे. संध्याकाळी चाळीतली मुलं शिकायला यायची. मुलं चुकायची, सर पुन्हा सांगायचे. मधूनच एखाद्याला म्हणायचे, "जा, सोनटक्का उमलला का बघून ये, मग पुढचं." आजूबाजूच्या खोल्यांत फोडण्या पडायच्या, कोणाचा कुकर वाजायचा, आणि त्यात आमचा सारेगम चालू असायचा. सरांना कोणी ओळखत नव्हतं. त्यांची चित्रं आमच्या भिंतीखेरीज कुठे लागली नव्हती. पण तेव्हा त्यांना याचं काही वाटत नव्हतं, आणि मलाही नाही.

याच काळात ती संध्याकाळ आली.

कौसल्याबाई नावाच्या एक थोर गायिका होत्या. दादरला त्यांची मैफल होती. त्यांच्या साथीला बसणारे बाबुराव सरांच्या ओळखीचे होते. त्यांची पेटी थोडी कुरकुर करत होती, म्हणून त्यांनी सरांना निरोप दिला, "तुमची पेटी घेऊन या, वेळेला असू दे." सरांनी मला दोनदा पुसलं. शांताबाईंनी त्यांचा सदरा इस्त्री केला. त्या दोघांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं.

पण बाबुरावांच्या पेटीने ऐनवेळी चांगली साथ दिली. मी पडद्यामागे माझ्या खोक्यात बसून राहिले. खोक्याचं झाकणसुद्धा कोणी उघडलं नाही. सर माझ्याशेजारी एका स्टुलावर बसून मैफल ऐकत होते. मैफल संपली, बाबुराव म्हणाले, "बरं झालं आलात," आणि आम्ही घरी आलो.

"वाजवलीत?" शांताबाईंनी विचारलं.

"वेळच आली नाही," सर म्हणाले. पण गाणं कसं झालं ते मग त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की भात करपला. इतकीच ती गोष्ट. तशीच राहिली असती तर तीही चांगली होती.

पुढे बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले. रस्त्यावर एक नवा संगीतवर्ग निघाला. तिथे एसी होता, आणि शिकवणाऱ्यांचे मोठमोठ्या लोकांबरोबरचे फोटो भिंतीवर होते. आमच्याकडची मुलं एकेक करून तिकडे गेली. एका संध्याकाळी हितेंद्र नावाचे एक गृहस्थ आपल्या लहान मुलीला, स्पृहाला घेऊन आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. गॅलरीतले डबे पाहिले, भिंतीवरची पानांची चित्रं पाहिली.

"सर, तुम्ही कोणाबरोबर वाजवलंय?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, नाव घेण्यासारखं?"

सर नुकतेच झाडांना पाणी घालून आले होते. हात ओले होते. ते त्यांनी सदऱ्याला पुसले. मग त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"कौसल्याबाईंबरोबर," ते म्हणाले. "दादरला. हीच पेटी होती."

हितेंद्रांनी मला नमस्कार केला. लहानग्या स्पृहाने बापाकडे बघून दोन्ही हात जोडले. आतल्या खोलीत भाजी चिरत बसलेल्या शांताबाईंची विळी थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

मित्रांनो, खोटं बोलणं एका वाक्याचं होतं, पण ते सांभाळण्यात पुढची सगळी वर्षं गेली. ही बातमी आठवड्याभरात सगळ्या वाडीत पसरली. मुलं परत आली, नवी आली. पण आता मला कोणी कसं वाजवणार? कौसल्याबाईंच्या मैफलीतली पेटी मुलांच्या हातात कशी द्यायची? सरांनी शिकवण्यासाठी दुसरी एक लहान पेटी घेतली, आणि मला उंच टेबलावर ठेवून वर मण्यांचं आच्छादन घातलं. त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवली. तिच्यावर कौसल्याबाईंचं नाव होतं, मैफलीचं वर्ष होतं. इतकी सुंदर अक्षरं त्यांनी आयुष्यात कधी काढली नव्हती. ज्या हाताने ते पानाची शीरसुद्धा होती तशीच काढायचे, त्याच हाताने त्यांनी ती पाटी लिहिली.

मला दसऱ्याला हार मिळायचा. मुलं वाकून नमस्कार करायची. पण माझा भाता कोणी हलवला नाही. झुरळांनी त्याचं कातडं कुरतडलं. पट्ट्या दमट हवेने फुगल्या. सरांनाही मला उघडवेना. पहाटेचं त्यांचं वाजवणं सुटलं, मग चित्रं सुटली. मी समोर असताना त्यांना रंगांचा डबा उघडवत नसावा. ते माझ्याकडे बघायचंच टाळायचे. झाडं तेवढी शांताबाईंनी जगवली. त्या पुष्कळदा माझ्यावरची धूळ पुसायच्या, पण पाटीवरून फडका कधी फिरवला नाही.

एकदाच त्या म्हणाल्या, "अहो, तिला एकदा वाजवा तरी. जीव गुदमरेल तिचा."

सरांनी पायात चपला घातल्या आणि ते जिना उतरले.

स्पृहा मोठी झाली. ती उत्तम गाऊ लागली, स्वतः मुलांना शिकवू लागली. सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून तिने चाळीच्या अंगणात सत्कार ठरवला. ते सांगायला ती धावत जिना चढून आली.

"सर, एक गंमत सांगू? कौसल्याबाईंच्या मुलीचा पत्ता लागला. सीमाताई. माझगावला राहतात. त्या येणारेत. त्यांना ही पेटी बघायचीय."

सरांनी हातातला पेला खाली ठेवला. "कशाला त्यांना त्रास?" ते म्हणाले.

"त्रास कसला? त्यांच्याकडे आईचं काहीच उरलं नाही म्हणाल्या. घर बदलताना सगळं गेलं."

स्पृहा गेल्यावर शांताबाईंनी दार लोटून घेतलं. मग शांताबाई म्हणाल्या, "आता तरी सांगून टाका."

"सगळ्यांसमोर? या वयात? मग वाडीत तोंड कसं दाखवू?"

"मी दाखवतेच आहे की इतकी वर्षं," शांताबाई म्हणाल्या.

सत्काराच्या दिवशी मला खाली अंगणात आणून सतरंजीवर ठेवलं. माझी पाटीही शेजारी ठेवली. सगळी चाळ जमली होती. सीमाताई आल्या. साठीच्या, साधी सुती साडी नेसलेल्या, शांत बाई. त्या कोणाशी काही बोलायच्या आधी माझ्यापाशी येऊन खाली बसल्या. त्यांनी माझ्या अंगावर हात ठेवला.

"आई गेली तेव्हा मी लहान होते," त्या सरांना म्हणाल्या. "तिचं गाणं मला नीट आठवतसुद्धा नाही. त्या दिवशी ती काय गायली होती हो?"

मित्रांनो, त्या क्षणी मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तो हात माझ्यावर ठेवण्याजोगी मी नव्हते.

स्पृहा म्हणाली, "सर, थोडं वाजवा ना. त्यांच्यासाठी."

सर माझ्यापुढे बसले. त्यांनी भाता ओढला. धूळ उडाली, आणि माझ्यातून घसा बसलेल्या माणसासारखा एक आवाज निघाला. दुसरी पट्टी दाबली, ती आत गेली ती वर आलीच नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "राहू द्या सर. जुनी झाली बिचारी." लोकांनी समजुतीने माना डोलावल्या. सर तेवढ्यावर उठू शकले असते. मी त्यांना सुटायची वाट करून दिली होती.

पण सर उठले नाहीत. त्यांनी सीमाताईंकडे पाहिलं.

"ही पेटी त्या दिवशी वाजली नाही," ते म्हणाले. "बाबुरावांची वाजली. ही पडद्यामागे खोक्यात होती, आणि मी स्टुलावर. मी तुमच्या आईची साथ कधीच केली नाही. मी खोटं सांगत आलो."

मग हितेंद्र उभे राहिले. "म्हणजे आम्ही पोरीला या भरवशावर तुमच्याकडे घातलं?" ते म्हणाले आणि खुर्ची सरकवून निघून गेले. कोणी हसलं. कोणी मोबाइल काढला, शेजाऱ्याने तो खाली करायला लावला. स्पृहा मान खाली घालून उभी होती. सीमाताईंनी माझ्यावरचा हात काढून घेतला.

"मी आईचं काहीतरी बघायला मिळेल म्हणून आले होते," एवढंच त्या म्हणाल्या. शांताबाई चहा घेऊन आल्या, पण सीमाताई तोवर वाडीबाहेर पडल्या होत्या.

त्यानंतर सर गॅलरीतसुद्धा येईनात. येणारी-जाणारी माणसं आत डोकावतात असं त्यांना वाटायचं. मुलं यायची थांबली. सरांनी पाटी उचलली आणि तिच्यावर पांढरा रंग फासला. आठवड्याने ते माझगावला सीमाताईंच्या दारी गेले. परत आल्यावर त्यांनी शांताबाईंना सांगितलं, "उंबऱ्याबाहेर उभा राहून माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. पाणी दिलं. आत या म्हणाल्या नाहीत."

"गाणं सांगितलंत?"

"सांगितलं. काय काय गायल्या, कुठे दाद मिळाली, जेवढं आठवलं तेवढं. त्यांनी दार लावलं नाही तोवर सांगत होतो."

मग एका सकाळी स्पृहा आली. बसली नाही.

"मी कॉलेजात, वर्गात, सगळ्यांना ही गोष्ट सांगत फिरले सर. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनासुद्धा सांगितली. आता त्यांना काय सांगू? मला लाज वाटते."

"वाटणारच," सर म्हणाले. "ती माझी आहे. तुझ्या माथी आली."

"मला कौसल्याबाईंनी नाही शिकवलं. तुम्ही शिकवलंत. तेवढं पुरलं नसतं का?" ती माझ्याकडे वळली. मग तिने मण्यांचं आच्छादन ओढून काढलं. "आता ही नुसती पेटी आहे ना? मग खाली घ्या तिला."

दोघांनी मिळून मला टेबलावरून जमिनीवर उतरवलं. सरांनी मला खोललं. भात्याला नवं कातडं लागलं, फुगलेल्या पट्ट्या घासून मोकळ्या केल्या. माझे सगळे सूर काही परत आले नाहीत. दोन आता कायमचे मुके आहेत, आणि एक थोडा चिडका लागतो.

मुलं हळूहळू येऊ लागली आहेत, पूर्वीइतकी नाही. हितेंद्र जिन्यात भेटले तर अजून नजर फिरवतात. सीमाताई पुन्हा आल्या नाहीत. वाडीत कोणी माझं नाव काढलं की मला अजून शरम वाटते, आणि वाटावी हेच बरं. पण सर पहाटे उठतात, झाडांना पाणी घालतात, एखादा कागद रंगवतात, तो कोणाला दाखवत नाहीत, आणि मग माझ्यापुढे बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल, रंगांची पेटी असेल, खिडकीत एखादं रोप असेल, तर त्याला मोठं नाव चिकटवू नका. उंचावर ठेवून हार घालू नका. त्याला रोज हात लावा. आम्हाला एवढंच हवं असतं.

परवा दुपारी शांताबाई निवडलेले तांदूळ बाजूला सारून माझ्यापाशी येऊन बसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या कधी मला वाजवायला बसल्या नव्हत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला सा कुठला ते दाखवा."

सरांनी त्यांचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. त्यांनी भाता ओढला, आणि मी वाजले.