भाजीबाजारातली गारव्याची पेटी

मी एक जुनी गारव्याची पेटी आहे. मित्रांनो, लगेच फ्रिज डोळ्यांसमोर आणू नका. मला वीज लागत नाही. लाकडी चौकट, आत फळ्या, डोक्यावर पाण्याची टाकी आणि चहूबाजूंनी ओल्या भिंती, एवढाच माझा देह. टाकीतले पाणी भिंतींतून झिरपते, वारा त्यांतून आत शिरतो आणि शिरता शिरता गार होतो. माझ्या पोटातली पालेभाजी संध्याकाळपर्यंत टवटवीत राहते. राहायची, असे म्हणायला हवे.

माझा जन्म एका संशोधन संस्थेत झाला. तिथे नव्या संशोधकांसाठी अभ्यासवर्ग भरायचा. शेतापासून ताटापर्यंत अन्न कुठे वाया जाते, यावर या मुलांनी खूप डोकेफोड केलेली असे. पण ते ज्ञान लोकांच्या हाती कसे द्यायचे, हे त्यांना कुणी शिकवलेले नसे. ते काम एका पोक्त बाईंकडे होते. मला घडवणाऱ्या मुलीने पालकाच्या पानांवर पीएचडी केली होती, म्हणून सगळा वर्ग तिला ‘पालक’ म्हणे. माझ्यापुरते ते नाव दोन्ही अर्थांनी खरे होते.

बाईंनी तिला आधी हत्याराला हात लावू दिला नाही. बाजारात जाऊन बस, म्हणाल्या. पालक एका भाजीवाल्या काकूंच्या शेजारी बसू लागली. काकू नुसते कांदे-बटाटे विकत. पालेभाजी दुपारीच मान टाकायची आणि गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जायचे, म्हणून त्यांनी ती विकणे सोडले होते. हे सारे ऐकून पालकने मला घडवायला घेतले. माझ्या भिंती तिने गोणपाटाच्या केल्या. गोणपाट कुठेही मिळते, कुजले तर बदलता येते. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पण समारोपाला पाहुणे यायचे होते आणि संस्थेच्या संचालकांना गोणपाट गबाळे वाटले. त्यांनी बाहेरून कागदी जाळीचे जाड तक्ते मागवले. त्या तक्त्यांनी गारवा जास्त मिळतो, हेही खरेच. हे तक्ते बाजारात मिळत नाहीत, असे पालकने सांगून पाहिले. समारंभ होऊन जाऊ दे, मग बघू, असे उत्तर मिळाले. बाईंनी वाद घातला. पण त्या निवृत्तीला आल्या होत्या, त्यांचे कोण ऐकणार? माझी चौकट नव्या तक्त्यांच्या मापाने कापली गेली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले आणि पालकला ढाल मिळाली.

मग मी काकूंच्या गाळ्यात आले. मित्रांनो, तेच माझे सुखाचे दिवस. काकूंनी पुन्हा पालेभाजी आणली. सकाळी त्या जुड्या माझ्या पोटात लावत आणि दुपारी दार उघडून स्वतःचाच गाल आत धरत. जवळच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीने रोजची भाजी त्यांच्याकडे लावली. काकूंनी कांदे-बटाटे बंद करून सगळा गाळा हिरवा केला. माझ्यावर त्यांचा एवढा भरवसा होता.

अभ्यासवर्ग संपला. बाई निवृत्त झाल्या. पालकला दूरच्या शहरात नोकरी लागली. पुढच्या तुकडीला वेगळा विषय मिळाला. इकडे बाजारातल्या जड पाण्यातल्या क्षारांनी माझ्या जाळ्या पांढऱ्या पडून बुजत चालल्या. वारा आत येईना. पोटात कुबट वास येऊ लागला. काकूंनी मला घासले, उन्हात ठेवले, जुनी चादर फाडून लावली. पण तक्त्यांच्या खाचेत कापड ताठ राहीना, ते लोंबून पाणी अडवी. त्यांनी पालकला फोन केला. पालकने संस्थेला विनवले. संचालकांनी तिला सांगितले, “आपलं काम शिकवायचं. दुरुस्ती हा आपला विषय नाही.”

ऐन उन्हाळ्यात एके दिवशी माझ्या पोटातला सगळा माल काळा पडला. स्वयंपाकिणीने तो पाहिला आणि ती दुसऱ्या गाळ्याकडे वळली. ती पुन्हा आली नाही. काकूंनी काही दिवस तग धरला, मग गाळा सोडला.

काकू गाळा रिकामा करायला आल्या आणि मला परत न्यायला संस्थेचा टेम्पो आला, त्याच दिवशी पालक येऊन पोचली. काखेत गोणपाटाची गुंडाळी होती. नवी चौकट करून देते, म्हणाली. काकूंनी तिला बसायला खोका दिला, पाणी दिले.

“काकू, एक संधी द्या मला.”

“तू वाईट नाहीस, पोरी. पण मी आता भांडी घासायच्या कामाला लागलेय, त्याच वसतिगृहात. आता मला काही शिकवू नकोस.”

पालक गुंडाळी हातात धरून तशीच बसून राहिली. टेम्पो निघाला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी शोधून काढाल आणि कुणाच्या तरी हाती द्याल. दिल्यावर पुन्हा जा. टाळ्या वाजवणारे घरी गेल्यावर जा. बोलावणे आले नाही तरी जा. मी हे कळवळून सांगते आहे, पण माझे कुणी ऐकेल अशी आशा मला उरलेली नाही.

संस्थेच्या व्हरांड्यात मी आता छत्र्या सांभाळते. आत नवा वर्ग भरतो. नवे सर मुलांना पडद्यावर माझा फोटो दाखवतात, शेजारी हसणाऱ्या काकू असतात, आणि संशोधन लोकांपर्यंत कसे पोचते ते समजावून सांगतात. मुले हुशार आहेत, पुष्कळ प्रश्न विचारतात. त्या काकू आता काय करतात, हे मात्र अजून एकानेही विचारलेले नाही.