उन्हाळ्यातला कौल

धनाजी गुरवाचा देव उन्हाळ्यात लई कडक व्हायचा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. देवाच्या दोन्ही खांद्यांना कण्हेरीची ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हिवाळ्यात देव कधी हो म्हणायचा, कधी नाही. चैत्र लागला की मात्र नन्नाचा पाढा. 'ऊन बाधतंय त्याला,' म्हणत लोक मुकाट घरी जायचे.

आज पाळी होती धनाजीच्या धाकट्या पोरीची, प्रतीक्षाची. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला तिला उद्या धाराशिवला हजर व्हायचं होतं, आणि कौलाशिवाय गुरवाच्या घरातलं कुणी शीव ओलांडत नसे. धनाजीनं पाकळ्या लावल्या. डावी पडली.

"परत लावा, अण्णा."

"देवाला दोनदा इचारत नसत्यात."

असं म्हणाला खरा, पण पोरीच्या तोंडाकडं बघत तो तिथंच घुटमळला. तेवढ्यात लाईट गेली. देवाच्या डाव्या बाजूला ठेवलेला विजेचा पंखा थांबला. चार सालांमागं देवाला उकडू नये म्हणून कुणीसा दिलेला, तो फक्त उन्हाळ्यात चालायचा. धनाजीनं चोरासारखं इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा पाकळ्या लावल्या. लई वेळ काही हलेना. मग उजवी सुटली.

लाईट आली, पंखा फिरू लागला. त्यानं तिसऱ्यांदा लावल्या. वाऱ्यानं डावी भराभर सुकली आणि गळून पडली.

"देवा, माझं नाव धनाजी हाय का?"

डावी.

प्रतीक्षा खुदकन हसली. धनाजीला आता थांबवेना.

"देवा, तू देव हायस का?"

डावी.

त्यानं पंख्याचं बटण बंद केलं, धोतराचा सोगा खोचला आणि मोटारसायकल काढली. "बस पिशवी घेऊन. चारची गाडी गाठायची." वाटभर तो मोठमोठ्यानं बोलत होता, मध्येच हसत होता. एवढं हलकं त्याला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

भूमच्या स्टँडवर थोरली ज्ञानेश्वरी बहिणीसाठी भाकरीचा डबा घेऊन उभी होती. तिला इथंच दिली होती. तीन सालांमागं तिचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात कौल लावला, डावी पडली, आणि दिवाळीनंतर लग्न झालं.

प्रतीक्षा गाडीत चढली. धनाजीनं थोरलीला घाईघाईनं सगळं सांगितलं. "देव न्हाय म्हणलाच नव्हता गं. पंखा चालू व्हता."

ज्ञानेश्वरीनं जाणाऱ्या गाडीवरची नजर बापाकडं वळवली.

"अण्णा, परत लावा म्हणून म्या पण म्हणलं व्हतं," ती म्हणाली. "तवा पंखा चालू व्हता. पण परत लावायला तुमी तर व्हता की."

देवाची मर्जी, हे उत्तर धनाजीच्या ओठावर कायम तयार असायचं. आज त्यानं तोंड उघडलं, आणि ते आलं नाही.