डेलिथला अर्थ विचारा

माझी थोरली बहीण डेलिथ म्हणजे आमच्या गावाची शान, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. व्हरमाँटमधलं हे आमचं गाव, छपरांच्या दगडी पाट्यांच्या खाणींचं. दर गुरुवारी वाचनालयात स्क्रॅबलचा, म्हणजे पटावर अक्षरं जुळवून शब्द लावायच्या खेळाचा, क्लब भरतो, आणि पहिल्या टेबलाची खुर्ची एकोणीस वर्षं डेलिथची. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी जो तिला हरवेल, खुर्ची त्याची. आजवर कुणाची टाप नव्हती.

क्लबातला दुसरा नियम तिनेच घातलेला. कुणी जगावेगळा शब्द लावला, की समोरच्याने अर्थ विचारायचा आणि लावणाऱ्याने तो सांगायचा. बाकी ठिकाणी लोक नुसती अक्षरं घोकतात. 'कूम' लावून गुण घेतील, पण कूम म्हणजे डोंगराच्या कुशीतली खोलगट दरी, हे त्यांच्या गावीही नसतं. अशांना डेलिथ सरळ पोपट म्हणायची.

मार्चमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. चमच्याला चमचा म्हणायला मिनिट लागायचं, मात्र पटावर शब्द बरोबर पडायचे. तरी मला धीर निघेना. खुर्ची गेली तर बाई खचेल, असं माझ्या डोक्यात बसलं आणि मी नको ते शहाणपण केलं. शेवटच्या गुरुवारी तिच्यासमोर बसणार होता एमस व्हिटकम, निवृत्त पोस्टमन, मनाने अगदी लोणी. त्याला आधीच गाठून म्हटलं, जरा सांभाळून घे रे. त्याने मान डोलावली.

निम्मा डाव झाल्यावर डेलिथने सातही अक्षरं एकदम लावली. असा शब्द इंग्रजीत जन्मालाच आलेला नाही, हे मला पाहताक्षणी कळलं. एमसने आक्षेप घेतला असता तर अक्षरं परत आणि गुण शून्य. त्याने अर्थसुद्धा विचारला नाही. मुकाट्याने तिचे गुण लिहिले.

डेलिथ त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली आणि तिथेच पकडली गेले. तिने डावाचं घड्याळ थांबवलं.

"अर्थ," ती म्हणाली. "विचार."

एमस कानापर्यंत लाल झाला. असू दे गं, चांगला शब्द आहे, असं काहीतरी पुटपुटला.

"खोटा आहे. मुद्दाम... लावला." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "नेस्ता, मी मेले नाही अजून."

जमिनीने पोटात घ्यावं असं मला झालं. एमस उठला, कॉम्प्युटरवर शब्द तपासून आला. खोटाच होता. तिने सातही अक्षरं एकेक करून स्वतः उचलली.

त्यानंतर गडी असा खेळला की विचारू नका. आणि तीही. तिने 'झॅक्स' लावला, तेव्हा त्याने अर्थ विचारला, अगदी ताठ बसून. जीभ साथ देईना, म्हणून तिने डाव्या हाताने टेबलावर पाटी कापल्यासारखं केलं, वर खिळ्याचं भोक ठोकून दाखवलं. छपराच्या पाट्या कापायचं हत्यार. आमच्या वडिलांच्या हातात जन्मभर तेच होतं. सगळा हॉल आपापले डाव सोडून बघत होता. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर तिने जोडा काढला असता.

ती हरली. चार गुणांनी.

एमस खुर्चीशी घुटमळत उभा राहिला, तर तिने त्याला खांदा दाबून बसवलं. मी निकाल लिहायला फळ्याकडे गेले. तिचं नाव लिहिलं आणि पुढे खडू चालेना. एकोणीस वर्षांत तिथे हरली असं लिहायची वेळच आली नव्हती. एवढ्यात मागून काठी वाजवत ती आली.

"लिही," ती म्हणाली. "हरली. मोठं लिही."

मी लिहिलं. गावात माझ्याइतकी तोऱ्यात त्या दिवशी दुसरी बाई नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावं, एवढं मोठं लिहिलं.